जागेवरची सायकल

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणाचा मजकूर)

मी भूम तालुक्यातल्या ईटहून बोलतेय. भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापत राहा, हात थांबवू नका. मला आज सायकलीबद्दल बोलायचंय. तीही अशा सायकलीबद्दल, जी तासभर चालवली तरी ओसरीतून बाहेर जात नाही.

मागच्या हंगामातली गोष्ट. माझी लेक दहावीत. शाळेच्या सायकल स्पर्धेत पहिली आली, मग जिल्ह्यात आली, आणि तिला नादच लागला. रोज पहाटे साडेपाचला भूमच्या रस्त्यानं जायची अन् यायची. त्या वेळी रस्त्यावर दोनच गोष्टी असतात, दुधाचे कॅन लावलेल्या मोटारसायकली आणि ऊस भरलेल्या ट्रॉल्या. दूधवाले ओळखीचे, ते हॉर्न देऊन, हाक मारून जातात. ट्रॉल्यांचं तसं नाही. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी हात-हात बाहेर आलेला. एक दिवस तो बाहेर आलेला ऊस तिच्या खांद्याला लागला. पोरगी सायकलसकट बाजूच्या चारीत गेली. कोपर फुटलं, गुडघा सोलला, पुढच्या चाकाची रिंग वाकली. ट्रॉली थांबलीसुद्धा नाही. त्याला कळलंच नसेल, असं मी आपलं मनाला समजावते.

घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. ह्यांनी सायकल उचलून माळवदावर टाकली. आत्याबाई म्हणाल्या, "झाली तेवढी हौस पुरे." माझ्याही मनात तेच होतं, खोटं का बोलू? पोरगी काही बोलली नाही. दोन दिवस जेवली नाही फक्त.

तिसऱ्या दिवशी तिनं मला विचारलं, "आई, घरातच चालवली तर?"

मला वाटलं पोरगी चिडून बोलतेय. पण तिनं बघितलं होतं. पुण्याजवळ बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे, तिथं सायकल शर्यतीचा खास ट्रॅक आहे, कडेनं उंच चढत गेलेला, परातीच्या काठासारखा. त्याला वेलोड्रोम म्हणतात. शाळेबरोबर ती तिथं गेली होती, तेव्हा ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेत काही मुली जोरजोरात सायकल मारत होत्या आणि जागच्या जागीच होत्या. सायकलीखाली तीन फिरते लाटणे. त्याला रोलर म्हणतात.

लाटणे हा माझा शब्द आहे, पण तो बरोबर बसतो. पोळपाटावर लाटणं फिरतं तसे तीन जाड नळकांडे एका लोखंडी चौकटीत आडवे बसवलेले असतात. मागचं चाक दोन नळकांड्यांच्या मधल्या खोबणीत बसतं, पुढचं चाक एकावर टेकतं. सायकल कशालाही बांधलेली नसते. ना पट्टा, ना नट, ना आधार. पायडल मारलं की मागचं चाक फिरतं, त्याच्याखालचे नळकांडे उलटे फिरतात, आणि एक पट्टा मागच्या नळकांड्याची गती पुढच्या नळकांड्याला देतो. त्यामुळं पुढचं चाकही त्याच वेगानं फिरतं. चाकाखालचा रस्ताच मागं पळतो म्हणा ना.

बाजारात दुसराही एक प्रकार मिळतो. त्यात मागचं चाक स्टँडला घट्ट आवळून टाकतात. व्यायामाला तो चालतो, आणि पडायची भीती नाही. पण तोल शिकवायचा असेल तर रोलरच. ट्रॅकवरच्या खेळाडू शर्यतीआधी अंग गरम करायला बहुतेक हेच वापरतात. ट्रॅकच्या सायकलीला ब्रेक नसतो आणि पायडल मारायचं थांबवताही येत नाही, चाक फिरतंय तोवर पाय फिरतोच. असली सायकल घेऊन गर्दीच्या रस्त्यावर कोण जाईल? २०२२ साली दिल्लीत आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धा झाली. तिथं तीन जणींच्या भारतीय संघानं सांघिक स्प्रिंटमध्ये कांस्यपदक मिळवलं, त्यात आपल्या भंडाऱ्याची मयूरी लुटे होती. भंडारा काही मुंबई-पुणे नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पूजा दानोळेनं तर खेलो इंडिया स्पर्धांमध्ये सायकलिंगची सुवर्णपदकं आणली आहेत. ही नावं मी ह्यांना आणि आत्याबाईंना मुद्दाम ऐकवली. आत्याबाई म्हणाल्या, "त्यांच्या आया काय म्हणाल्या असतील?" मला उत्तर आलं नाही.

आता पैशाचं. तयार रोलर घ्यायचे तर दहा हजारांच्या वर जातात, आणि ते शहरातून मागवायचे. आमच्या बचत गटात मी विषय काढला. एवढे पैसे शेळीला देतो, शिलाई मशीनला देतो, जागेवर फिरणाऱ्या सायकलीला कशाला, असा प्रश्न आला आणि तो योग्यच होता. शेळी वेत देते, मशीन ब्लाउज शिवते. हे काय देणार? मी म्हटलं, काहीच देणार नाही. पोरीचा नाद टिकेल एवढंच. दोन बैठका यावर वाद झाला. शेवटी अध्यक्षताईंनीच वाट काढली, म्हणाल्या, आपल्या गावात मानव विकासच्या सायकली मिळालेल्या पोरी कितीतरी आहेत, एकटीसाठी नको, ज्यांना यायचं त्या सगळ्यांसाठी असेल तर चार हजारांपर्यंत अंतर्गत कर्ज देऊ. हप्ता माझ्या नावावर. मी हो म्हटलं.

चार हजारांत तयार मिळणार नव्हते म्हणून बनवून घ्यायचं ठरलं. ह्यांच्या ओळखीचा एक लेथवाला बार्शीला आहे, माझ्या माहेरच्या नात्यातलाच. पोरीनं वहीवर चित्र काढलं, ते घेऊन आम्ही गेलो. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप येतो ना, ११० मिलिमीटरचा, जाड भिंतीचा, त्याचे सोळा-सोळा इंचांचे तीन तुकडे. प्रत्येकाच्या दोन्ही तोंडांना नायलॉनच्या चकत्या, चकतीत बेअरिंग, मधून १५ मिलिमीटरची सळई. चौकट लोखंडी अँगलची. मागचे दोन नळकांडे मध्यापासून मध्यापर्यंत साधारण दहा इंचांवर. पुढचा नळकांडा पुढं-मागं सरकवता यावा म्हणून चौकटीला लांबट भोकं, कारण प्रत्येक सायकलीची लांबी वेगळी. हे लक्षात ठेवा, पुढचा नळकांडा पुढच्या चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर खाली किंवा बोटभर पुढं असावा. मागं गेला तर चाक पुढं उतरतं आणि सायकल खाली येते.

पट्ट्याचं मात्र मला सुचलं, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. पायमशीनचा कातडी पट्टा! गोल, चिवट, तारेच्या कडीनं जोडता येतो, आणि आठवडी बाजारात मिळतो. एक पुरत नाही, दोन जोडावे लागतात. नळकांड्यावर त्याच्यासाठी बारीक खाच पाडून घ्यायची, नाहीतर तो सरकत सरकत चाकाखाली येतो. आणि पट्टा सरळ घालायचा, आठच्या आकड्यासारखा पिळून नाही. पिळला तर पुढचं चाक उलटं फिरेल.

पहिल्या दिवशी काय झालं सांगते. पोरीनं चार पायडल मारली आणि अख्खं घर धडधडायला लागलं. मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आत्याबाई आतून ओरडल्या, "गिरणी आणली का काय घरात?" पाइप बाहेरून गोल दिसतो पण तो खरा गोल नसतो, दुकानात ढिगात पडून पडून दबलेला असतो. हळू फिरवला तर कळत नाही, वेगानं फिरला की हादरे देतो. परत बार्शीला न्यावा लागला. लेथवाल्यानं चकत्या बसवलेल्या स्थितीत वरचा पापुद्रा हलका काढून तिन्ही गोल करून दिले. तुम्ही कुणी बनवून घेणार असाल तर हे आधीच करून घ्या, आमची एक खेप आणि एसटीचं भाडं वाया गेलं. आणि सायकलीचे टायर गुळगुळीत हवेत. खाचाखाचांचे जाड टायर असले की आवाजही होतो आणि हादराही बसतो. हवा टाइट भरायची. सगळं मिळून आम्हाला तीन हजार सहाशे लागले.

आता चढायचं कसं, ही खरी गंमत. पहिल्यांदा कुणालाही जमत नाही. रस्त्यावर झोकात चालवणारी पोरगी रोलरवर तान्ह्या वासरासारखी लटपटते. कारण असं, की तोल आपण बसून सांभाळत नाही, हँडलनं सांभाळतो. लहानपणी तळहातावर काठी उभी करायचो आठवतंय? काठी डावीकडं कलली की हात डावीकडं न्यायचा. सायकलीचंही तेच. कलली त्या बाजूला हँडल किंचित वळतं, चाकं अंगाखाली येतात, सायकल सरळ होते. रस्त्यावर जागा भरपूर म्हणून हे वळणं लक्षातही येत नाही. रोलरवर जागा सोळा इंच. जरा जास्त वळवलं की चाक काठावरून खाली. पट्टा तुटला तरी असंच होतं, कारण पुढचं चाक फिरायचं थांबलं की हँडल वळवून उपयोग नाही, चाक बाजूला सरकतच नाही.

म्हणून आम्ही रोलर दाराच्या चौकटीत मांडले. दोन्ही बाजूंना चौकट, कोपर टेकता येतं. एका बाजूला चढायला पाट, दुसऱ्या बाजूला घडी केलेली गोधडी. पहिले आठ दिवस मी बाजूला उभी राहून सीटला हात लावायची. नजर चाकावर ठेवायची नाही, पाच-सहा फूट पुढं ठेवायची. आम्ही समोरच्या भिंतीवर कॅलेंडर लावलं, त्यातल्या तारखेकडं बघ म्हणून सांगितलं. हँडल घट्ट आवळायचं नाही. आणि भीती वाटली की पाय हळू होतात, तिथंच फसतं. भीती वाटली की पाय जोरात फिरवायचे, चाकं वेगात असली की सायकल शांत राहते.

बायकांना एक भीती असते, मलाही होती, की रोलरवरून उतरली तर सायकल सुसाट जाऊन भिंतीवर आदळेल. तसं होत नाही. चाकं फिरत असली तरी पोरगी आणि सायकल जागेवरच असतात, त्यांना पुढं जायचा वेग नसतोच. चाक जमिनीला लागलं की जरा पुढं सरकून थांबतं. पडायचं ते बाजूला, आणि उंचीवरून पडल्यामुळं लागतं. ते खरं.

खरा धोका वेगळाच आहे. ओढणी, मोकळी वेणी, बांगड्या. वेणी बांधून वर खोवायची, ओढणी काढून ठेवायची, सलवारीचा पाय गुंडाळायचा. आणि घरात रांगतं लेकरू असेल तर त्याला कुणीतरी धरून बसल्याशिवाय रोलरवर चढायचंच नाही. फिरता पट्टा आणि नळकांडा यांच्यात इवलीशी बोटं जायला वेळ लागत नाही. आमच्या जावेचं पोर दीड वर्षाचं आहे. त्या वेळेला ते आत्याबाईंच्या मांडीवर असतं. आत्याबाईंना हे काम मी दिलं आणि त्यातून त्या रोज तिथं बसायला लागल्या. आता वेळही त्याच लावतात, पोथीसमोरचं घड्याळ आणून.

वेळेचं म्हणाल तर फार नाही. दहा मिनिटं सावकाश, मग एक मिनिट जोरात आणि दोन मिनिटं हळू, असं सहा-सात वेळा, मग परत सावकाश. अर्ध्या-पाऊण तासात पुरे होतं. रस्त्यावर उतार येतो, पाय थांबवता येतात. इथं उतारच नाही. पायडल थांबलं की तोल जातो. शिवाय पाय धक्के देत मारला तर सायकल मागं-पुढं डुलायला लागते, म्हणून पाय आपोआप गोल, एकसारखा फिरायला शिकतो. शर्यतीवाल्यांना हेच हवं असतं. वारं लागत नाही म्हणून घाम मात्र धारांनी येतो. पंखा समोर ठेवायचा. वीज गेली की आमच्याकडं थांबतात, उन्हाळ्यात बिनपंख्याचं चालवायचं नाही असा मी नियम केलाय. तांब्याभर पाण्यात साखर-मीठ घालून ठेवते. आधी मूठभर शेंगदाणे-गूळ, नंतर भाकरी. पोरगी जोरात चालवतानाही एखादं वाक्य बोलू शकते का हे मी मधून मधून विचारते. हळूच्या वेळेलाही बोलता येत नसेल तर उतरवते. आणि एक कुजबुज गटात झाली होती ती सांगते, सायकलीच्या सीटमुळं पुढं लेकरं व्हायला अडचण येते म्हणून. याला काही आधार नाही. सीट टोचते ती उंची चुकली म्हणून. पायडल अगदी खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी सीट वर करायची.

हे काही नवीन खूळ नाही बरं. रोलर शंभर वर्षांपेक्षा जुने आहेत. इंग्लंडात १९५० च्या आसपास तर नाटकगृहांत आणि नाचाच्या हॉलमध्ये रोलरवर शर्यती लागायच्या. दोघं शेजारी-शेजारी जागेवर सायकल मारणार आणि मागं भल्यामोठ्या तबकडीवर काटे फिरणार, कोण किती गेलं ते दाखवत. लोक तिकीट काढून बघायचे. आत्याबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग आपण पण लावू तिकीट."

आता थोडं कडू बोलते. रोलर आल्यावर घरातले सगळे खूश झाले आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. आमचे भाऊजी म्हणाले, "हे बेस झालं. आता पोरीला बाहेर पाठवायचं कामच नाही." ते चांगल्या मनानं म्हणाले. पण मला रात्रभर झोप आली नाही. ट्रॉलीला मागं दिवा नाही, आणि पोरगी घरात? चूक कुणाची आणि दार कुणाचं बंद झालं? आणि रोलरवर सगळं शिकता येतही नाही. चढ नाही, वारा नाही, वळण नाही, ब्रेक नाही, शेजारून दुसरी सायकल घासून जाताना धीर कसा धरायचा ते नाही. शर्यत तर रस्त्यावरच असते. नुसत्या रोलरवर शिकलेली पोरगी म्हणजे नुसत्या हौदात पोहायला शिकलेली.

म्हणून मी ह्यांच्याशी बोलले. पुष्कळ बोलाचाली झाली, ती सांगत नाही. ठरलं ते असं, की सोमवार ते शनिवार रोलर, आणि रविवारी उजाडल्यावर रस्ता, ह्यांची मोटारसायकल मागं. अंधारात नाही. आणि गटातर्फे आम्ही ग्रामसभेत अर्ज दिला की गावातल्या ज्यांच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या आहेत त्यांनी मागं चकाकणाऱ्या पट्ट्या लावाव्यात. ट्रॉल्यांसाठी तर ते कायद्यात आहेच. ग्रामसभेत दोघं हसले. पण सहा ट्रॉल्यांना पट्ट्या लागल्या, त्यातल्या दोन हसणाऱ्यांच्या. बाहेरगावच्या ट्रॉल्यांचं आम्ही काय करणार, ते अजून सुटलेलं नाही. या हंगामात आम्ही चार जणी पट्ट्यांचा गुंडाळा घेऊन चहाच्या टपरीजवळ उभं राहायचं म्हणतोय. तिथं ट्रॉल्या थांबतात. ड्रायव्हर लोक लावू देतात का बघू.

पोरीची निवड झाली का, असं तुम्ही विचाराल. नाही झाली. विभागात ती पाचवी आली. घरी येऊन रडली, मग म्हणाली, वळणावर मागं पडले, सरळ रस्त्यावर कुणी पुढं गेलं नाही. मला ते ऐकून बरंच वाटलं, कारण वळण रोलरवर नसतंच. आता रविवारी ह्यांच्या मोटारसायकलीमागं जाऊन गावाबाहेरच्या वळणावर ती दहा-दहा वेळा फिरते. ह्यांचा रविवार गेला, पण ते तक्रार करत नाहीत. परवा तर हवेचा पंप त्यांनीच नवीन आणला.

सध्या आमच्या ओसरीत पाच पोरी येतात. दोन शर्यतीसाठी, तिघी नुसत्या तोल शिकायला. त्यांतल्या एकीला सायकल येतच नव्हती, ती आधी अंगणात शिकली मग रोलरवर आली. उलटं करू नका, रोलर हा शिकून झालेल्यांसाठी आहे. महिन्याला प्रत्येकी वीस रुपये घेतो, ते बेअरिंगच्या ग्रीससाठी आणि पट्ट्यासाठी. कर्जाचे अजून चार हप्ते राहिलेत. मीही एकदा चढून बघितलं, लुगड्याचा काचा मारून. दोनदा गोधडीवर आडवी झाले. तिसऱ्यांदा कोपर चौकटीला टेकवून मोजून अकरा पायडलं मारली. आत्याबाईंनी मोजली.

कुणाला माप घ्यायचं असेल तर रविवार सोडून कधीही सकाळी सहाला या. मोजपट्टी तुमची आणा, आमची जावेच्या पोरानं कुठं टाकलीय कुणास ठाऊक.